गोळी थांबवू नका, डोळा सांभाळा

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन. वक्त्या शासकीय सेवेतून निवृत्त झालेल्या नेत्रतज्ज्ञ आहेत.)



गणेशोत्सवात कुष्ठरोगावर व्याख्यान कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते स्वाभाविक आहे. उत्सव म्हटला की अथर्वशीर्षाची आवर्तने, मुलांच्या स्पर्धा, एखादे नाटक आणि शेवटी महाप्रसाद. पण व्याख्यान हाही या उत्सवाचा जुना मानकरी आहे, आणि तो विषय आपण राहतो त्या मातीतला असावा असे मला वाटते. आपण नागपूर, अमरावती, पुण्याहून आलो, कुणाच्या चार पिढ्या इथेच गेल्या. रेल्वे, भिलाईचा कारखाना, बँका, शाळा यांमुळे आपण छत्तीसगडचे झालो. छत्तीसगडचे सुख आपले, तसे इथले दुखणेही आपले.

आपल्या देशाने डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाच्या बाबतीत एक टप्पा गाठला. दर दहा हजार लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, असा तो हिशेब. याला सरकारी भाषेत निर्मूलन म्हणतात. रोग नाहीसा झाला असा त्याचा अर्थ नाही. छत्तीसगडचा आकडा तर त्यानंतरही बरीच वर्षे एकाच्या वरच राहिला. म्हणजे हा रोग आपल्या पाठ्यपुस्तकात नाही, आपल्या गल्लीत आहे. आपल्या कार्यालयातला शिपाई, दूध घालणारा, घरी भांड्याला येणारी बाई, कदाचित आपल्याच घरातले कुणी.

कोड आणि कोढ

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा गोंधळ मिटवू, कारण आपण मराठी माणसे इथे त्यात हमखास अडकतो. मराठीत आपण कोड म्हणतो ते अंगावरचे पांढरे डाग. त्यात त्वचेचा रंग जातो, एवढेच. तो कुष्ठरोग नव्हे, आणि तो संसर्गाने होत नाही. हिंदीत मात्र कोढ म्हणजे कुष्ठरोग. शेजारीण म्हणते 'कोढ' आणि आपण ऐकतो 'कोड', किंवा उलट. त्यातून कोड असलेल्या मुलीचे लग्न अडते, आणि कुष्ठरोगाचा डाग असलेला माणूस 'हे काय, कोड आहे' म्हणून निवांत राहतो.

कुष्ठरोगाचा डाग फिकट किंवा लालसर असतो आणि बहुधा त्या जागी संवेदना कमी झालेली असते. टोचलेले कळत नाही, गरम-गार कळत नाही. हा रोग एका जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो १८७३ साली दाखवून दिला. बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची शक्ती मुळातच असते, आणि औषध सुरू झाले की रुग्णापासून इतरांना होणारी लागण फार लवकर थांबते. हे एवढे पक्के लक्षात ठेवले तरी निम्मी भीती जाते.

औषध आहे, फुकट आहे, मग अडते कुठे?

१९८०च्या दशकापासून या रोगावर बहुऔषधोपचार आहे. एमडीटी या नावाने तो ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली त्याची शिफारस केली आणि आपल्याकडे १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातून तो दिला जाऊ लागला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन अशी ही औषधे आहेत. रोग थोडा असेल तर सहा महिने, पसरलेला असेल तर बारा महिने. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पत्त्याच्या पाकिटात, एक पैसाही न घेता मिळतात.

या गोळ्यांनी लघवी काही वेळ लालसर होते. हे रिफाम्पिसिनचे काम. क्लोफाझिमिनने कातडी काळपट-तांबूस पडते, औषध संपल्यावर ती हळूहळू उजळते. आरोग्य कर्मचारी हे आधी सांगतात, त्यामुळे लोक ते सहन करतात.

खरी अडचण येते ती वेगळीच. औषध सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. डाग जरा निवळू लागलेला असतो. आणि एके दिवशी तोच डाग अचानक लाल होतो, सुजतो, गरम लागतो. कोपराजवळची नस दुखते. कुणाच्या अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, ताप येतो, सांधे धरतात. आणि डोळा लाल होतो.

रुग्ण काय समजतो? 'औषध गरम पडले.' इथल्या भाषेत, 'दवाई रिएक्शन कर गई.' घरातली मंडळी म्हणतात, बरा होत होतास, गोळ्यांनीच बिघडवले, बंद कर. गोळी बंद होते. डोळ्यात शेजारच्या औषधांच्या दुकानातून आणलेले थेंब पडतात. आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो आमच्यासमोर येतो तेव्हा डोळ्याचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय या दोन महिन्यांचा आहे.

ही रिअॅक्शन म्हणजे नेमके काय?

शरीराच्या आत काय चालते ते सोपे करून सांगते. कुष्ठरोगाचे जंतू फार संथ असतात. वर्षानुवर्षे ते कातडीत आणि नसांत दडून राहतात आणि शरीराचे संरक्षक दल त्यांच्याकडे काणाडोळा करते. कधी औषधाने, कधी आपोआप, हे दल जागे होते आणि जिथे जंतू आहेत तिथे तुटून पडते. जंतू डागात आहेत, म्हणून डाग सुजतो. जंतू नसेत आहेत, म्हणून नस सुजते. नस तर अरुंद जागेतून जाते, सुजायला तिला वाव नसतो, म्हणून ती आतल्या आत दाबली जाते आणि हातापायाची शक्ती जाते. ही पहिल्या प्रकारची रिअॅक्शन.

दुसऱ्या प्रकारची रिअॅक्शन ज्यांच्या अंगात जंतू फार असतात त्यांना होते. जंतू मरतात, त्यांचे अवशेष अंगात पडून राहतात, आणि त्यांच्याविरुद्ध शरीर जे प्रतिद्रव्य बनवते त्याच्याशी मिळून दाह होतो. लाल दुखऱ्या गाठी, ताप, सांधेदुखी आणि डोळ्याच्या आतली सूज ही तिची लक्षणे. ती बरी होऊन पुन्हा पुन्हा उलटते.

दोन्ही प्रकार औषध सुरू होण्यापूर्वी दिसू शकतात, औषध चालू असताना दिसतात, आणि बारा महिन्यांचा कोर्स पूर्ण झाल्यावरही दिसू शकतात. त्यामुळे गोळी बंद केल्याने रिअॅक्शन थांबत नाही. उलट जंतूंना उसंत मिळते. दाहासाठी वेगळे औषध द्यायचे आणि मूळ गोळी चालू ठेवायची, हा नियम आहे.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. काही थोड्या लोकांना डॅप्सोन खरोखरच सोसत नाही. साधारण पहिल्या दीड महिन्यात सर्वांगाला पुरळ, खाज, ताप, कधी कावीळ होते. ती खरी ॲलर्जी. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे आणि डॅप्सोन बंद करण्याचा निर्णय त्यांनी घ्यायचा. आपण घरी बसून दोन्हींतला फरक ठरवू नये.

हे एकट्या कुष्ठरोगात होते असे नाही

औषध सुरू झाल्यावर लक्षणे वाढणे वैद्यकशास्त्राला जुने आहे. ऑस्ट्रियातील यारिश यांनी १८९५ साली आणि जर्मनीतील हर्क्सहायमर यांनी १९०२ साली उपदंशाच्या रुग्णांत हे टिपले. उपचार सुरू होताच पुरळ भडके आणि ताप चढे. आपली मुले-सुना अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडून आपण लाईम नावाच्या रोगाबद्दल ऐकतो. कनेक्टिकट राज्यातल्या लाईम गावी १९७५च्या सुमारास मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून हे नाव पडले. गोचिडीच्या चाव्याने तो होतो. त्यातही औषध सुरू केल्यावर पहिल्या दिवशी काहींना ताप, थंडी, अंगदुखी वाढते आणि एखाद्या दिवसात ओसरते. कधी डोळेही लाल होतात.

आपल्याला जवळचे उदाहरण क्षयाचे. मानेतली गाठ क्षयाच्या गोळ्या चालू असताना कधी कधी आधी मोठी होते, मग बसते.

पण एक फरक लक्षात घ्या. लाईममधला तो भडका बहुधा दिवसभराचा पाहुणा असतो. कुष्ठरोगातली रिअॅक्शन आठवडे, महिने मुक्काम करते आणि जाताना नसेची शक्ती किंवा डोळ्याची दृष्टी घेऊन जाते. तिथे वाट पाहून चालते, इथे चालत नाही.

डोळ्यावर दोन बाजूंनी हल्ला

आता माझ्या विषयाकडे येते. डोळ्याला धोका दोन वाटांनी असतो.

पहिली वाट पापणीची. चेहऱ्यावर, विशेषतः गालावर किंवा डोळ्याजवळ डाग असेल आणि तो रिअॅक्शनमध्ये सुजला, तर पापणी मिटवणारी नस दुबळी होते. डोळा पूर्ण मिटत नाही. झोपेतही फट राहते. डोळ्याला सतत धूळ, वारा लागतो, बुबुळ कोरडे पडते, जखम होते. त्यात बुबुळाची संवेदना देणारी नसही बधिर असेल, तर जखम झालेली रुग्णाला कळतच नाही. डोळ्यात कुसळ गेले तर आपण जीव खाऊन चोळतो, त्याला मात्र काही जाणवत नाही. वेदना हा आपला पहारेकरी आहे, तो इथे झोपलेला असतो.

दुसरी वाट डोळ्याच्या आतली. दुसऱ्या प्रकारच्या रिअॅक्शनमध्ये बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सुजतो. बाहुली आकसते आणि पाठीमागच्या भिंगाला चिकटते. चिकटली की सहजासहजी सुटत नाही. त्यातून पुढे मोतीबिंदू होतो, काचबिंदू होतो.

या दुसऱ्या प्रकारात सगळ्यात मोठी फसगत होते ती डोळे आल्याशी. २०२३च्या पावसाळ्यात रायपूर-दुर्ग भागात डोळे येण्याची केवढी साथ होती, ते आपण विसरला नसाल. अशा दिवसांत लाल डोळा दिसला की सगळेच म्हणतात, डोळे आलेत. म्हणून फरक सांगते. डोळे आले की डोळा खुपतो, खाज येते, चिपडे येतात, सकाळी पापण्या चिकटतात, पण बहुधा दिसायला फरक पडत नाही. आतली सूज असेल तर चिपडे नसतात. लाली बुबुळाच्या कडेने जास्त असते, दुखणे खोल, भुवईपर्यंत जाणारे असते, उजेड सहन होत नाही, डोळ्याला पाणी येते आणि धुरकट दिसते. आणखी एक. कुष्ठरोगातली जुनाट सूज कधी कधी दुखतही नाही. म्हणून ज्याच्या घरात एमडीटी चालू आहे किंवा पूर्वी झाली आहे, त्याचा लाल किंवा धुरकट डोळा हा डोळे आलेत म्हणून सोडायचा नाही. त्याच दिवशी दाखवायचा.

यात पणाला काय लागले आहे, ते सांगते. आंधळा माणूस बोटांनी जग वाचतो. काठीची मूठ, भिंतीचा कोपरा, भाकरीचा तवा, नातवाचा गाल, सगळे त्याला हाताने कळते. कुष्ठरोगाने ज्याच्या बोटांची संवेदना गेली आहे, त्याची दृष्टीही गेली तर त्याच्यापाशी जग ओळखण्याची साधने फारशी उरत नाहीत. तवा तापलेला आहे हे त्याला डोळ्यांनीच कळत होते. म्हणून या रुग्णाचा डोळा इतरांच्या डोळ्यापेक्षा अधिक मोलाचा आहे.

उपचार काय असतात?

वेळेवर आलेल्या रुग्णासाठी उपचार साधे आहेत. आतल्या सुजेसाठी बाहुली मोठी करणारे ॲट्रोपिनचे थेंब, म्हणजे ती भिंगाला चिकटत नाही, आणि सोबत स्टिरॉइडचे थेंब. नस सुजली असेल, डोळा मिटेनासा झाला असेल, तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास सुरुवात करून हळूहळू कमी करत साधारण बारा ते वीस आठवडे. नसेची शक्ती जाऊन सहा महिने उलटले नसतील, तर ती परत येण्याची आशा चांगली असते. त्यानंतर मात्र ती कमी होत जाते.

प्रेडनिसोलोन पोटात काहीतरी असताना घ्यायचे. आपल्या आया-बहिणींना हे मुद्दाम सांगते. हरितालिका, चतुर्थी, पुढे नवरात्र, उपवासांची रांग असते. उपवासाला उपाशीपोटी ही गोळी घेऊ नये आणि उपवासासाठी ती चुकवूही नये. दूध-केळ्यानंतर घ्यावी. मधुमेह, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. बरे वाटले म्हणून ती एकदम तोडणे धोक्याचे असते.

आणि दुकानातून आपल्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणू नयेत. बुबुळावर जखम असेल तर त्याच थेंबांनी डोळा जातो. आत सूज आहे की वर जखम, हे यंत्राखाली पाहिल्याशिवाय आम्हालाही कळत नाही.

दुसऱ्या प्रकारची रिअॅक्शन पुन्हा पुन्हा उलटते तेव्हा उपयोगी पडणाऱ्या दोन औषधांची कथा सांगण्याजोगी आहे. क्लोफाझिमिन हे १९५०च्या दशकात डब्लिनमध्ये विन्सेंट बॅरी यांच्या चमूने क्षयावर म्हणून शोधले. क्षयात त्याचे तेव्हा फारसे जमले नाही, कुष्ठरोगात मात्र ते जंतूही मारते आणि दाहही कमी करते. दुसरे थॅलिडोमाइड. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्याने हजारो मुले अपंग जन्मली आणि १९६१च्या सुमारास ते बाजारातून काढून घेतले गेले. पुढे त्याच दशकात जेरुसलेममधील शेस्किन या डॉक्टरांनी वेदनेने तळमळणाऱ्या एका कुष्ठरुग्णाला झोप यावी म्हणून ते दिले, तर गाठी आणि वेदना झपाट्याने ओसरल्या. आजही ते अत्यंत कडक देखरेखीखाली वापरतात. मूल होण्याच्या वयातील स्त्रियांच्या बाबतीत तर विशेष जपून.

घरी काय करायचे?

रोज सकाळी आरशात दोन्ही डोळे पाहावेत. लाली आहे का, डोळा पूर्ण मिटतो का. एक डोळा झाकून सहा मीटरवरून, म्हणजे साधारण दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दुसऱ्याची बोटे मोजता येतात का ते आठवड्यातून एकदा पाहावे. पापणी दुबळी असेल तर दिवसातून अनेकदा डोळे घट्ट मिटण्याचा व्यायाम करावा, बाहेर जाताना चष्मा लावावा, झोपताना डोळ्यावर स्वच्छ मऊ कापडाची पट्टी असावी. काही वाटले तर मितानिन दीदीला सांगावे, ती वाट दाखवते. रायपुरात लालपूरची प्रादेशिक कुष्ठरोग संस्था आहे, मेकाहारा आहे, टाटीबंधचे एम्स आहे. लांब जायला नको.

आणि ज्यांच्या घरी कुणी रुग्ण नाही, त्यांच्यासाठी. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईचा डोळा लाल दिसला तर 'डोळे आलेत, आठ दिवस येऊ नकोस' म्हणून परत पाठवण्याआधी एक प्रश्न विचारा, 'कुठल्या गोळ्या चालू आहेत का?' पगार न कापता अर्धा दिवस दवाखान्यासाठी द्या. ती सांगायला बिचकेल, कारण काम सुटण्याची भीती. तिला आधीच म्हणा की काम सुटणार नाही. कार्यालयात असाल तर रजेच्या अर्जावर रोगाचे नाव चारचौघांत वाचू नका. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आता कायद्याने राहिलेले नाही, २०१९ साली ती तरतूद रद्द झाली. कायदा बदलला, आता आपल्या ओसरीवरचे बोलणे बदलायचे आहे.

या प्रांतात मराठी माणसाने या कामात आधीच पाऊल ठेवले आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. रेल्वेत नोकरीला असलेले सदाशिव गोविंद कात्रे यांना स्वतःला कुष्ठरोग झाला होता. त्यांनी १९६२ साली चांपाजवळ सोठी येथे भारतीय कुष्ठ निवारक संघ उभा केला. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट पुढे त्यांना येऊन मिळाले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१९च्या ऑगस्टमध्ये ते गेले. कात्रे यांनी काम सुरू केले तेव्हा बहुऔषधोपचार नव्हता. हातपाय झडलेली, दृष्टी गेलेली, घराने टाकलेली माणसे त्यांनी जवळ केली. आज औषध आपल्या गल्लीतल्या केंद्रात आहे. आपल्याला आश्रम काढायचा नाही, आयुष्य वाहायचे नाही. लाल डोळा वेळेवर ओळखायचा आणि गोळी तुटू द्यायची नाही. त्यांच्या मानाने किती सोपे काम आपल्या वाट्याला आले आहे!

दर्शनाला मांडवात येताना आपण आपल्या घरच्यांबरोबर भांड्याला येणाऱ्या बाईलाही बोलावतो, प्रसाद देतो. या वर्षी प्रसाद देताना तिच्या डोळ्यांकडेही पाहा, एवढेच मागणे आहे.

गणपती बाप्पा मोरया!